इनसिग्ने म्हणून आलेली कुंडी

बनशंकरीत आमच्या खालच्या मजल्यावरच्या अज्जी मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हा त्यांनी स्लिपर ऑर्किडची कुंडी माझ्या हवाली केली. पट्टीवर ‘इनसिग्ने, शिलाँग’ एवढंच लिहिलेलं. डिसेंबरच्या थंडीत कळी उमलली आणि मला चैन पडेना. इनसिग्ने मूळची मेघालयाच्या खासी टेकड्यांतली. हे रोप तिथल्या कड्यावरून उपटलेलं असलं तर? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही ऑर्किडं संरक्षित आहेत. तरी पश्चिम घाटातली एकुलती एक स्लिपर ऑर्किड, अगस्त्यमलयची पिवळी ड्रुरी, माणसांनी ओरबाडून जवळजवळ संपवली. त्यामुळे ही रानातली मूळ जात की बागेतला संकर, हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या हौसेचा नव्हता.

पानांवरून काही कळेना, ती साधी हिरवी. फुलाचं वरचं निदल मात्र बोलकं होतं. इनसिग्नेचं ते मध्ये पिवळसर हिरवं, वरच्या कडेला पांढरं, आणि त्यावर तपकिरी ठिपके विखुरलेले. इथे पांढरं पसरलेलं, हिरवं तळाशी उरलेलं, जांभळे ठिपके ओळींनी उभे आणि मधोमध ठळक जांभळी रेघ. ती रेघ पाहताच आसामची स्पायसेरियानम आठवली. तिच्या शुभ्र निदलावर मधून असाच जांभळा पट्टा असतो आणि पाकळ्यांच्या कडा नागमोडी असतात. माझ्या फुलाच्याही होत्या, जरा कमी.

मग भिंग घेऊन फुलाच्या मध्यभागी पाहिलं. तिथे वंध्य पुंकेसराची चिमुकली ढाल असते. रंगाची गडद-फिकट छटा, फुलाचा आकार हे हवापाण्यानं बदलतं. या ढालीची ठेवण सहसा बदलत नाही, म्हणून जाणकार तिच्यावर अधिक भरवसा ठेवतात. इनसिग्नेची ढाल पिवळी, मध्ये उंचवटा असलेली. स्पायसेरियानमची जांभळी, पांढऱ्या काठाची. समोरची पिवळी होती, उंचवटाही होता, पण तिच्यावर जांभळी झाक आणि काठ फिकट. एका फुलात दोन्ही घराणी स्पष्ट दिसत होती.

या दोघांचा संकर १८८४पासून ‘लीॲनम’ नावानं नोंदलेला आहे. आईबाप हेच असले, की संकर कुणीही, कुठेही केलेला असो, नाव हेच. म्हणजे रोप बागेत जन्मलेल्या वंशाचं असण्याचीच शक्यता मोठी. मला फार बरं वाटलं. संकर ठरल्यानं त्याचं मोल माझ्या लेखी तसूभरही कमी झालं नाही.

तरी जन्माची नोंद हाती नसताना नुसत्या रूपावरून खात्रीनं नाव लावणं मला पटत नाही. नव्या पट्टीवर लिहिलं : ‘लीॲनम असावं, इनसिग्ने म्हणून मिळालं.’ जुनी पट्टीही कुंडीत ठेवली.

पुढे एका ओळखीच्या बागवाल्यांनी त्यांच्याकडच्या इनसिग्नेच्या फुलासाठी माझ्या फुलाचे पराग मागितले. मी दिले नाहीत. त्यातून निघालेली रोपं इनसिग्ने म्हणून विकली गेली असती, आणि एकदा चुकीची पट्टी लागलेलं रोप चार हात फिरलं की ते निस्तरणं कुणालाच जमत नाही. फुटवा वेगळा झाला की तोच देईन, दोन्ही पट्ट्यांसकट, असं त्यांना सांगून ठेवलंय.