आजोबांची तार

कोसाड स्थानकावरून गाडी धडधडत गेली की आम्हांला आजोबांच्या तारेची आठवण होते. नोकरीनिमित्त ते खानदेशातून येथे आले होते. एके सायंकाळी जळगावहून तार आली : 'आई अत्यवस्थ. त्वरित यावे.' ती वाचण्यापूर्वीच घरात रडारड सुरू झाली, कारण तार म्हणजे अशुभ वार्ता, अशीच सर्वांची समजूत!

या यंत्राची किमया मात्र साधी आहे. तारमास्तराने कळ दाबली की तारेतून वीज वाहते. दूरच्या ठाण्यातील लोखंडात चुंबकत्व येऊन पट्टी खटकन ओढली जाते. कळ सोडताच ती वर उठते. दोन खटक्यांमधील अल्प वा दीर्घ अवकाशावरून मोर्सलिपीतील अक्षरे ओळखतात. भारतात १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार कंपनी सरकारच्या कामासाठी सुरू झाली. तोवर निरोप बहुधा घोड्याच्या वा जहाजाच्या वेगाने जाई.

आजोबा त्याच रात्री सुरतेहून ताप्तीकाठच्या गाडीने निघाले. मायलेकरांची अखेरची भेट झाली. पत्रावर विसंबते, तर ती अंतरली असती.

२०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. तो पिवळा पडलेला कागद मात्र आजीने देव्हाऱ्यात जपून ठेवला आहे.