कानासाठी छत्री

छतावरची डिश जिकडे बघते असं वाटतं, तिकडे ती बघत नसते. घरोघरी दिसणाऱ्या साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा एलएनबी, म्हणजे लहर पकडणारा तिच्यापुढचा डबा, मधोमध नसतो, खालच्या अंगानं पुढे आलेला असतो. त्यामुळे तिची नजर दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. आमच्या आदिलाबादहून ‘फ्री डिश’ या फुकट टीव्ही सेवेचा उपग्रह, जीसॅट-15, आग्नेयेला आहे. उत्तरेपासून मोजलं तर साधारण 141 अंशांवर आणि क्षितिजापासून 61 अंश उंच. म्हणजे दुपारच्या सूर्यासारखा चांगलाच वर. तरी नीट लावलेली छत्री तितकी मागे कललेली दिसत नाही. नवा पोरगा पाना घेऊन छतावर चढला की ती आधी आकाशाकडे उताणी करतो. खाली टीव्हीपुढे बसलेलं कुणीतरी ‘वच्चिंदी, वच्चिंदी’, म्हणजे ‘आलं, आलं’, म्हणून ओरडेल याची वाट बघतो, आणि ऐकू येतं ते ‘पोयिंदी’, गेलं. आमच्याकडे घर मराठी असलं तरी छतावरची भाषा तेलुगूच.

माझं पोट भरतं ते टीव्हीच्या छत्र्या बसवण्यावर. जीव मात्र रेडिओत आहे. त्याच छत्रीतून, त्याच वायरीतून आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्या फुकट घरात येत असतात आणि त्या कुणी ऐकत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. ऐकणारे आहेत ते पैनगंगेकाठचे, बेला, जैनथ, तामसी या बाजूंचे. बेल्याच्या एका आबांनी मला बोलावलं तेव्हा घरात टीव्हीच नव्हता. ‘पोरा, मले चित्र नाही पायजे, आवाज पायजे,’ एवढंच म्हणाले. अशी मागणी करणारं गिऱ्हाईक मिळालं की मी मजुरीची घासाघीस करत नाही.

साध्या रेडिओवर मराठी नीट लागत नाही, ही त्यांची अडचण खरी होती. एफएमच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात. मनोऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर गेलं की त्यांचा दम तुटतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इथली आकाशवाणी केंद्रं नकाशावर आमच्या अवतीभवती आहेत, पण काठावरच्या गावात पहाटे येणारा आवाज ऊन चढलं की खरखरीत बुडतो. आदिलाबादचं केंद्र स्वच्छ लागतं. त्यावर तेलुगू असते, गोंडी असते, आणि गोंडी ऐकायला मिळणं ही आमच्या जिल्ह्याची श्रीमंती आहे. पण मराठी बातम्यांची तहान तिथं भागत नाही.

आधीच्या पिढीची तहान नागपूर भागवत असे, मध्यमलहरींवर. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. 18 मे 1988 रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. ती नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून 1566 किलोहर्ट्झवर रात्रभर चाले. कार्यक्रम दिल्लीतून निघत आणि उपग्रहामार्गे नागपूरला उतरत. 1983 साली इन्सॅट-1बी उपग्रह वर गेला आणि त्यानंतर देशभरच्या केंद्रांच्या आवारात त्याच्याकडे तोंड करून छत्र्या उभ्या राहिल्या, त्यातलीच ही सोय. म्हणजे रात्री शेताच्या मचाणावर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेला माणूस उपग्रहाचाच आवाज ऐकत होता. मधे फक्त नागपूरचा मनोरा होता. त्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही. ती वाहिनी 2019 च्या सुरुवातीला बंद झाली.

मधला मनोरा काढून टाकायचा पहिला मोठा प्रयोग आमच्या पिढीनं पाहिला तो वर्ल्डस्पेस या उपग्रह-रेडिओ कंपनीचा. तिचा एशियास्टार उपग्रह मार्च 2000 मध्ये कुरूच्या प्रक्षेपण तळावरून एरियान-5 रॉकेटवर गेला, आणि गंमत अशी की त्याच रॉकेटवर आपला इन्सॅट-3बी सुद्धा होता. एशियास्टार 105 अंश पूर्व रेखांशावर राहिला. आदिलाबादच्या खिडकीतून तो 124 अंशांवर, 52 अंश उंच. त्यासाठी छत्री लागत नसे. तळहाताएवढी चपटी पाटी आग्नेयेच्या खिडकीत टेकवली की पुरे. एल-बँडच्या, दीड गिगाहर्ट्झच्या आसपासच्या त्या लहरींना पावसाची पर्वा नव्हती. पण अंगणातल्या कडुलिंबाच्या पानांनी त्या गुदमरत. पानगळीत स्वच्छ लागणारा संच पालवी फुटली की मुका होई, आणि मालक संच बिघडला म्हणून घेऊन येई. मी संचाला हात न लावता पाटी दुसऱ्या खिडकीत हलवून देत असे.

‘गंधर्व’वर शास्त्रीय संगीत, ‘सुरभी’वर मराठी गाणी, ‘स्पंदना’वर तेलुगू, एकाच डब्यात सगळं, मधे जाहिरातींचा गलका नाही. आवाज ऐकून मी थक्क झालो होतो, हे कबूल. 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा बंद झाली. मूळ अमेरिकी कंपनी आदल्या वर्षीच दिवाळखोरीत गेली होती. त्यानंतर त्या संचांचा काही म्हणजे काही उपयोग उरला नाही. त्यातली चिप वर्ल्डस्पेसखेरीज दुसऱ्या कुणाचाच उपग्रह ओळखत नव्हती. चांगल्या स्थितीतला संच उघडायचा आणि त्यातून फक्त स्पीकर काढून घ्यायचा, हे काम मला नकोसं वाटे.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: घरच्या उपकरणावर उपग्रहाचा रेडिओ घ्यायचा असेल तर सगळ्यांच्या मापाचं सामान घ्यावं. छत्री, एलएनबी, आरजी-6 वायर, साधा बॉक्स. एक सेवा बंद पडली तर छत्रीचं तोंड फिरवता येतं. आवाज थोडा कमी गोड असला तरी चालेल.

फ्री डिश डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. महिन्याचा खर्च नाही. तिच्यावरून रेडिओ ऐकण्यातली खोच उपग्रहात नाही, बॉक्समध्ये आहे: तो टीव्हीसाठी बनवलेला आहे, वाहिनी निवडायला पडदा मागतो. आबांकडे पडदा नव्हता. मी दुकानातला छोटा टीव्ही नेला, बॉक्स एकदा बसवला, आकाशवाणी मराठीचा आणि विविध भारतीचा क्रमांक कागदावर लिहून दिला आणि टीव्ही परत आणला. बॉक्सच्या मागच्या तीन पिनांपैकी लाल आणि पांढरी जुन्या ॲम्प्लिफायरला जोडली. पिवळी, चित्राची, मोकळी सोडली. रिमोटवर क्रमांक दाबायचा, क्षणभर थांबायचं, मुंबई-पुण्याचा आवाज येतो. बॉक्स बंद झाला तर परत त्याच वाहिनीवर उघडतो का, हे विकत घेतानाच तपासावं. वीज जाणाऱ्या गावात हा गुण चित्राच्या स्पष्टतेपेक्षा मोठा.

एलएनबी काय करतो ते गिऱ्हाइकाला सांगायला मला आवडतं. आकाशातून 11,090 मेगाहर्ट्झवर आलेली लहर लांब वायरीत टिकत नाही. एलएनबी तिच्यातून 9,750 वजा करतो आणि 1,340 खाली पाठवतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये हा 9,750 चुकला असेल तर छत्री कितीही नेमकी लावा, सिग्नलची पट्टी हलत नाही. शिवाय एलएनबी त्याच्या पकडीत तिरका फिरवावा लागतो, कारण उपग्रह आपल्या सरळ दक्षिणेला नाही. शेवटची चार-पाच टक्के ताकद तिथं दडलेली असते. टीव्हीवाला ती सोडून देतो. आषाढात ढग भरून आले की तेवढ्यावरच सारं अवलंबून असतं. फ्री डिशची केयू-बँडची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, पावसाच्या थेंबांत ती विरते. जुन्या आठ फुटी जाळीच्या सी-बँड छत्र्यांना हे दुखणं फारसं नव्हतं. आता त्या जाळ्या कोंबड्यांच्या खुराड्यांवर दिसतात.

सूर्याचं दुखणं वेगळं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. फोन येऊ लागतात. मी मात्र त्या दिवसांत मुद्दाम छतावर जातो: छत्री बरोबर लागली असेल तर परतलेलं ऊन एलएनबीच्या तोंडावरच पडतं. बाजारातलं कुठलंही टीं-टीं करणारं सिग्नल-फाइंडर इतकं प्रामाणिक नाही.

एक इशारा. या रेडिओवर घड्याळ लावू नका. छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तितकंच खाली यायला पाव सेकंद जातो, आणि आवाज आकड्यांत बांधून परत सोडण्यात त्याहून जास्त. शेजारच्या ट्रान्झिस्टरवर वेळेचे ठोके पडून जातात आणि मग आपले सुरू होतात.

या सगळ्यातून आबांना काय मिळालं? मराठी मिळाली, पुण्या-मुंबईचं राजकारण मिळालं, सकाळची भक्तिगीतं मिळाली. आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाला आज काय भाव फुटला, ते मुंबईहून कुणी सांगत नाही. पैनगंगेचं पाणी कुठवर चढलं तेही नाही. त्यासाठी ते अजून आदिलाबाद केंद्रच लावतात, तेलुगूतून. दोन्ही रेडिओ एकाच फळीवर आहेत. ज्यांना वाटतं की उपग्रह आला, आता गावाजवळचा मनोरा कशाला, त्यांनी ही फळी बघावी. मनोरा हवाच.

तुमच्या घरी फ्री डिशचा बॉक्स असेल तर रिमोटवरचं टीव्ही-रेडिओचं बटण एकदा दाबून बघा, किंवा वाहिन्यांच्या यादीच्या तळापर्यंत जा. आकाशवाणी मराठी सापडली की तिचा क्रमांक बॉक्सला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. यादी अधूनमधून बदलते, तेव्हा पेननं नको, पेन्सिलीनं लिहा.