पाऊण तोळ्याचा पाहुणा

दिवाळीची सुट्टी लागली की मामा आणि मी स्वारगेटहून पहाटेची पीएमटी धरायचो आणि सिंहगडाच्या पायथ्याला उतरायचो. घरच्यांना वाटायचं, पोरगं गड चढतंय. आम्ही आतकरवाडीजवळच्या ओढ्यात ठाण मांडून वर बघत बसायचो. मान अवघडायची. डब्यातल्या चकल्या आठाच्या आत संपायच्या.

वाट असायची हिरवट वटवट्याची. चार इंचांचा, जेमतेम पाऊण तोळ्याचा जीव. मध्य आशियात, हिमालयात उन्हाळा काढून सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे उतरतो. दिवाळी अंकांच्या आगेमागेच म्हणा ना. रंग पानाचा, वस्ती पानांत, आणि एका फांदीवर दोन सेकंद टिकेल तर शपथ! त्यात त्याचा चुलतभाऊ, ‘वेस्टर्न क्राउन्ड’, तसाच हिरवा. ह्याच्या पंखावर बहुधा एकच फिकट रेघ, त्याच्या पंखावर दोन. शिवाय त्याच्या डोक्यावर मधोमध फिकट पट्टा. खूण डोक्यावर आणि आपण झाडाखाली. पुस्तकातले पक्षी आडव्या फांदीवर शहाण्यासारखे बसलेले असतात. मला दिसायचं ते नुसतं पांढुरकं पोट.

"डोळे मीट," मामा म्हणायचा. "चि-विट ऐकलंस? तोच तो."

१९९४ साली मामाने कुणाकडून तरी ३०० मिलिमीटरची लेन्स उसनी आणली. रोल ३६ फोटोंचा, खटक्याखटक्याला पैसे. मामा श्वास रोखून फोकस फिरवायचा, मी बोटांवर खटके मोजायचो. ओढ्यातल्या सावलीत ४०० च्या रोललाही शटर साठाच्या वर जाईना, आणि वटवट्या तर तोवर पुढच्या डहाळीवर. चार दिवसांनी प्रिंट आल्या. पस्तीसांत झाडच झाड. छत्तिसाव्यात शेपटीचं टोक, आणि त्यामागे शीर न् शीर मोजावी इतकं स्वच्छ उंबराचं पान.

मी हिरमुसलो. मामा मात्र खूश. ह्या वटवट्यांच्या प्रजातीचं नाव ‘फायलोस्कोपस’, ग्रीकमध्ये पानं न्याहाळणारा. मग पानाचा फोटो चुकीचा कसा, असा त्याचा युक्तिवाद. त्याने तो वहीत डकवला आणि खाली लिहिलं, ‘ऐकला. पाहिला. फोटो पानाचा.’

आता माझ्या कॅमेऱ्यात सेकंदाला दहा फोटो निघतात. अजूनही आधी डोळे मिटतो.

तुमच्या सोसायटीतल्या आंब्यावरही तो एव्हाना आला असेल. सकाळी चहा घेताना जरा कान द्या. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम असतो त्याचा.