वाकडा पंख

आपण म्हातारे झालो हे माणसाला कळतं कशावरून? कुणी म्हणेल गुडघ्यांवरून, कुणी म्हणेल चष्म्याच्या नंबरावरून. मला मात्र ते आमच्या हिच्या एका वाक्यावरून कळलं. जेवणाच्या टेबलावर लाकडाचा भुसा पाहून ती म्हणाली, "अहो, ऐंशीच्या घरातल्या माणसानं अग्निबाणांशी खेळावं, हे शोभतं का?"

शोभत नसेल. पण छंद काय शोभेसाठी करायचे असतात?

हे अग्निबाण म्हणजे आपले दिवाळीत बाटलीतून सोडायचे बाण नव्हेत. कागदी नळी, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं टोक, त्याच लाकडाचे पंख आणि पोटात बंदुकीच्या दारूचं बोटाएवढं इंजिन. सळईवर बाण चढवायचा, पंधरा फूट लांब जायचं आणि विजेचं बटण दाबायचं. वर पोहोचल्यावर पोटातच एक लहानसा बार होतो, टोक सुटतं आणि पॅराशूट उघडून स्वारी डौलात खाली येते. नेब्रास्कातल्या ऑर्व्हिल कार्लाईल या जोड्यांच्या दुकानदारानं १९५४ साली असा बाण प्रथम केला. पुढं आमच्या कोलोरॅडोत व्हर्न एस्टेस यांनी ही इंजिनं भराभर बनवणारं यंत्र उभारलं आणि पोरांच्या खाऊच्या पैशांत आकाश मिळू लागलं.

त्या काळचे कित्येक संच आता मिळत नाहीत. मग माझ्यासारखे हौशी जुने कॅटलॉग आणि कुणीतरी जपून ठेवलेले आराखडे मिळवून ते नव्यानं घडवतात. नळीचा व्यास अगदी तोच हवा. पंखातल्या लाकडाचे तंतू पुढच्या कडेला समांतर हवेत, नाहीतर पंख मोडतो. लाकडाची छिद्रं बुजवायची, पॉलिश पेपरनं घासायचं. पुन्हा बुजवायचं, पुन्हा घासायचं!

मी घडवायला घेतलेला संच १९७८ सालचा. त्या वर्षी डेन्व्हरजवळच्या आमच्या घरात मी आणि नऊ वर्षांचे चिरंजीव तो जुळवत बसलो होतो. गोंद वाळेपर्यंत पंख सरळ धरून ठेवायचा होता. तिसरा पंख माझ्या हातात असताना कचेरीतून फोन आला. 'आलोच हं!' म्हणून उठलो, तो तासाभरानं परतलो. पंख एका बाजूला कलला होता. चिरंजीव गप्प होते. रविवारी बाण उडाला तो गिरक्या घेत, तिरका. झाडांपलीकडे गेला तो गेलाच. "आपण दुसरा करू," मी म्हणालो.

तो दुसरा करायला मला पंचेचाळीसहून अधिक वर्षं लागली. या खेपेला मी फोन बंद करून ठेवला. दाराच्या चौकटीच्या कोनात नळी टेकवून सरळ रेघा ओढल्या आणि तिन्ही पंख त्यांवर बसवले.

गेल्या दिवाळीला चिरंजीव सहकुटुंब आले. आता त्यांचेही केस पिकू लागले आहेत. बाण हातात घेऊन, एक डोळा मिटून त्यांनी तो न्याहाळला.

"बाबा, सुरेख झालाय. पण हा आपला नव्हे. आपला पंख वाकडा होता."

माझा घास घशात अडकला. "त्या दिवशी मी उठायला नको होतं रे," मी म्हणालो.

चिरंजीव माझ्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही उठलात तेव्हा मी धरला होता तो पंख. हात अवघडला आणि माझ्याच हातून तो कलला. तुम्ही रागवाल म्हणून मी बोललोच नाही."

इतकी वर्षं एकाच पंखाचा अपराध आम्ही दोघं वेगवेगळे वाहत होतो!

दुसऱ्या दिवशी मैदानावर नातीनं बटण दाबलं. बाण सरळ गेला. पॅराशूट उघडताच सगळे धावत सुटले. सर्वांत मागं मी.

आता आणखी एक संच घडवायला घेतला आहे. त्याचा तिसरा पंख नात धरणार आहे. तो वाकडा झाला तरी चालेल. तो वाळेपर्यंत मी तिच्याजवळून उठणार नाही, एवढंच ठरवलं आहे. हिलाही ते पटलेलं दिसतं, कारण परवा टेबलावरचा भुसा तिनं काही न बोलता पुसून घेतला.