जड पाण्यातले मासे

धुळ्याहून जळगावला बिऱ्हाड हलवले तेव्हा आमच्या सामानात सगळ्यात अवघड ओझे होते ते काचेच्या पेटीचे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. यांना एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये काम लागले, बोअरचे पाणी असलेले भाड्याचे घर मिळाले आणि आमची सातवीतली लेक शाळा, मैत्रिणी सगळे मागे सोडून निघाली. पारोळा, एरंडोल करत एस.टी. जळगावला पोचेपर्यंत झाकणाची बादली तिच्या मांडीवर होती. बादलीत आठ मासे, पाच गप्पी आणि तीन काळ्या मोली.

धुळ्याला आमच्या नळाला तलावाचे नाहीतर तापीचे पाणी यायचे. ते भरून एक दिवस उघडे ठेवायचे, क्लोरिन उडाले की पेटीत घालायचे, एवढेच आम्हाला ठाऊक. जळगावला येताच लेकीने पेटी धुतली, बोअरच्या ताज्या पाण्याने भरली आणि लगेच मासे सोडले. सकाळी पाचही गप्पी वर तरंगत होते. ती रडली नाही. दप्तर उचलून नव्या शाळेत गेली आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

कारण सासूबाईंनी चुलीपाशीच ओळखले होते. धुळ्याला तीन शिट्ट्यांत विरघळणारी तूरडाळ इथे सहा शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकच. डाळ मिलच्या कामगाराच्या घरात डाळ शिजेना! साबणाचा फेस होईना, चहावर साय नव्हे तर भलताच तवंग. "आठलं पानी जड शे," त्या म्हणाल्या.

पाणी जड होते म्हणजे काय, ते लेकीच्या विज्ञानाच्या बाईंनी समजावले. पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. पावसाचे पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आंबट होते आणि मग वाटेतला काळा पाषाण व चुनखडी थोडी थोडी विरघळवत खाली जाते. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरते. कॅल्शियम डाळीच्या सालीआतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते, म्हणून ती शिजत नाही.

मग गप्पींना जड पाणी चालत नाही का? चालते, उलट आवडते. त्यांना मारले ते अचानक झालेल्या बदलाने. माशाच्या अंगातले क्षार आणि बाहेरचे क्षार यांचा तोल त्याला सावकाश सांभाळावा लागतो, आम्ही तो एका झटक्यात मोडला. शिवाय जमिनीतून नुकत्याच वर आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते रात्रभर उघड्या टपात ठेवायला हवे होते, आणि मासे सोडताना तासभर वाटी-वाटीने नवे पाणी बादलीत घालायला हवे होते.

हे कळायच्या आधी आम्ही दुसरी चूक केली. जड पाणी वाईट, तर हलके चांगले, असे ठरवून सासूबाईंसाठी आणलेला आर.ओ.च्या पाण्याचा जार लेकीने पेटीत ओतला, मग आणखी दोन आणवले. उरलेल्या तीन मोली जागच्या जागी डुलू लागल्या, पुढे सरकेनात. मोली मूळ मेक्सिकोकडच्या, जड, काही ठिकाणी खाऱ्याही पाण्यातल्या. त्यांना क्षार लागतात. आणि कार्बोनेट उरले नाही की माशांच्या घाणीने पाण्याला आलेला आंबटपणा अडवायला काहीच राहत नाही. जारच्या पैशांत किलोभर तेल आले असते, असे हे एकदा म्हणाले. लेकीचे तोंड पाहून पुन्हा म्हणाले नाहीत.

बाईंनी तिला घरचा प्रयोग दिला. तीन सारख्या बाटल्या, तिन्हींत सारखे पाणी. बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात साधा साबण किसून विरघळवायचा (पावडर चालत नाही, ती जड पाण्यातही फेस करते) आणि थेंब थेंब टाकून हलवायचे. फेस टिकला की थेंब मोजायचे. डिस्टिल्डला २ लागले, जारच्या पाण्याला ३, बोअरला १९. पुढे मासेवाल्याकडच्या तपासणीत बोअरचा आकडा २२ जर्मन अंश निघाला. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम, म्हणजे ३९० च्या घरात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगले, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे आहे.

मग निम्मे बोअर, निम्मे जार असा मेळ बसला, साधारण २००. तोही एकदम नाही, आठवडाभर रोज थोडा. मोली डुलायच्या थांबल्या. महिन्याभरात एकीला पिल्ले झाली. शाळेतून आल्यावर लेक आम्हाला काही सांगू लागली ती त्या दिवसापासून.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. जळगावचा मे महिना वाचकांना सांगायला नको. पेटीतल्या ५० लिटरपैकी पंधरवड्यात १० लिटर उडून जात आणि आम्ही तेवढे बोअरचे भरत होतो. कूलरच्या गवताकडे बघून लेकीच्या लक्षात आले. नवे गवत दोन महिन्यांत दगडासारखे पांढरे, कडक झालेले. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, चुना मागेच राहतो! तिने हिशेब मांडला: दर पंधरवड्याला लिटरमागे ७८ मिलिग्रॅमची भर, दोन महिन्यांत पाणी ५०० च्या वर. थोडा चुना काचेवर थर होऊन बसतो, तरी बाकीचा पाण्यातच. तेव्हापासून उडालेल्या पाण्याची भर जारच्या पाण्याने, आणि दर रविवारी १० लिटर काढून तेवढे निम्मे-निम्मे घालायचे. तिने शोभेला ठेवलेले संगमरवराचे तुकडेही निघाले. त्यांवर लिंबू पिळले तर बुडबुडे आले, म्हणजे तोही चुनाच.

जूनमध्ये आम्ही पत्र्याखाली ड्रम लावला. पहिल्या दोन सरींनी पत्रा धुऊन जाऊ दिला, मग भरले. साबणाचे थेंब लागले २. सासूबाईंनी त्यातले तांब्याभर घेऊन कुकर लावला, डाळ तीन शिट्ट्यांत विरघळली. आता ड्रमवरून दोघींची रोज भांडणे, वरणाला की माशांना. ड्रमवर खडूने रेघ ओढली आहे, खालचे माशांचे. रेघ सकाळी होती त्याहून खाली आलेली दिसते, पण पुसली कोणी हे कोणी कबूल करत नाही.