जोखीम

वाचकहो, चित्रपटगृहाच्या अंधारात पडद्यावरचा नदीघाट पाहताना त्याच्या पायऱ्या निसरड्या होत्या की काय, असा विचार आपल्या मनात कधी येतो काय? माझ्या मनात तो कधीच आला नव्हता. गेल्या आश्विनात तो आला, आणि तो भाचीमुळे.

ती कोलकात्यात चित्रपटकला शिकते. कार्यालयीन कामासाठी मी तेथे गेलो असता ती म्हणाली, “मामा, उद्या चित्रीकरणाच्या जागा पाहायला चला. मुद्रिते तपासून तपासून तुमची नजर तयार झाली आहे. चूक सुटणार नाही.” तिच्या छोट्या चित्रपटाचा नायक सात वर्षांचा होता, घरमालकिणीचा मुलगा.

उत्तर कोलकात्यातील पहिले घर मोठे देखणे होते. उंच खांब, हिरव्या झडपांच्या खिडक्या. पण दारावर महापालिकेची पाटी होती : ‘विपज्जनक बाडी’. विपत्तीला जन्म देणारे घर! सज्जात पिंपळाची मुळे शिरली होती आणि लोखंडी तुळयांचे गंजून पापुद्रे निघाले होते. त्या सज्जावर दिव्यांसह दहा-बारा माणसे उभी राहावयाची होती. भाचीने वहीत एकच शब्द लिहिला : ‘नको’.

दुसरी जागा हुगळीचा घाट. १९८४ साली सुरू झालेल्या चक्ररेल्वेचे रूळ ओलांडूनच तेथे जावे लागते. काली पूजेच्या संध्याकाळी मुलाने शेवटच्या पायरीवर बसून कागदी होडी सोडावी, अशी कल्पना. पायऱ्या कोरड्या होत्या, पाणी शांत होते. मला तरी काही चूक दिसेना. तेवढ्यात एका वृद्ध नावाड्याने बऱ्याच वरच्या पायरीवरील चिखलाची रेघ दाखविली. भरतीचे पाणी तेथवर येते. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राकडून कधी कधी ‘बान’ येतो, म्हणजे पाण्याची भिंतच नदीतून उलट वर चढते. काली पूजा तर अमावास्येलाच!

भाचीचे डोळे भरून आले. “मामा, माझे सर्वांत सुंदर दृश्य गेले हो.”

मला सत्यजित राय यांची आठवण झाली. ‘पथेर पांचाली’ (१९५५) मधील पावसाचे दृश्य शरद ऋतूत चित्रित झाले. भिजून कुडकुडणाऱ्या मुलांना नंतर गरम दुधात थोडी ब्रँडी घालून दिल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. मोठ्या कलावंतालाही दृश्यानंतर मुलाच्या अंगातील थंडीची काळजी करावीच लागते.

मी तिला एवढेच म्हटले, “आपल्याकडे जुनी माणसे प्रवासाला निघताना म्हणत, ‘जवळ जोखीम आहे, जपून जा.’ जोखीम म्हणजे धोका. आणि जोखीम म्हणजे सांभाळायला दिलेला मौल्यवान ऐवजही.”

ती बराच वेळ नदीकडे पाहत राहिली. मग तिने वही उघडली. घाट दिवसा, ओहोटीच्या वेळी, वरच्या पायरीवरून आणि मुलावाचून टिपावयाचा. होडी मात्र मुलाच्या घरच्या अंगणात, पाण्याच्या हौदात सोडावयाची.

पुढे तो चित्रपट मी पाहिला. पडद्यावर होडी डुलत होती. शेजारच्या खुर्चीवर छोटा नायक आईच्या मांडीवर डोके ठेवून गाढ झोपला होता. वाचकहो, खरे सांगतो, माझे लक्ष पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडेच अधिक होते.