हळव्या गाण्यांचे दीर्घायुष्य

‘भावविवश’ हे विशेषण आपल्या समीक्षेत बहुधा दोष दाखवण्यासाठीच येते. व्हेरा लिन या इंग्लिश गायिकेवरही हाच ठपका होता. १९४१ मध्ये बीबीसीवर तिचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा अशा हळव्या गाण्यांनी सैनिकांची मने कच्ची होतील, असा आक्षेप घेतला गेला. १९४४ मध्ये ती थेट ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाऊन त्यांच्यासमोर गायली.

२००९ मध्ये, ती ९२ वर्षांची असताना, तिच्या जुन्या गाण्यांचा संग्रह ब्रिटनमध्ये विक्रीत पहिला आला. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, राणी एलिझाबेथने आपल्या भाषणाच्या शेवटी तिच्या १९३९च्या गाण्यातले पुनर्भेटीचे आश्वासन उच्चारले. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी, ती निवर्तली.

या लोकप्रेमाला निव्वळ स्मरणरंजन म्हणणे मला अपुरे वाटते. स्मरणरंजनाला गतकाळ लागतो. या गाण्याला ताटातूट पुरते, आणि ती युद्धाबरोबर संपली नाही. हळवेपणा खोटा ठरतो तो किंमत न मोजता व्यक्त झाला तर. व्हेरा लिनने ती मोजली होती, आणि श्रोत्यांनी ते समीक्षकांपेक्षा अधिक काळ लक्षात ठेवले.